इनासचे पाय

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते मला विचारू नका. ज्यानं मला सांगितली त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो तर आकडे ठोकून द्यायला मुळीच लाजणारा माणूस नव्हता.

खाडीकाठी एक गाव होतं. गाव मिठागराचं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून राशी घालायच्या, हाच सगळ्यांचा धंदा. खाडी आणि मिठागर यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधात लाकडी फळ्यांचं एक दार होतं. त्याला उघाडी म्हणत. पाणी हवं तेव्हा फळ्या वर, नको तेव्हा खाली. उघाडी धड असली की गाव सुखानं जेवायचं.

गावातले लोक प्रभू येशूचे भक्त. चर्चला ते देऊळच म्हणत. त्या देवळात दर वर्षी, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, पाय धुण्याचा विधी व्हायचा. तुम्हाला ठाऊकच असेल, प्रभूनं मरणाच्या आदल्या दिवशी कमरेला पंचा बांधला, परातीत पाणी ओतलं आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. शिष्य होते कोळी वगैरे, पायी हिंडणारे. त्यांच्या पायांची काय अवस्था असेल, तुम्हीच बघा विचार करून. त्याची आठवण म्हणून गावातला पाद्रीही त्या दिवशी बारा जणांचे पाय धुवायचा.

आता गंमत अशी, की हा गुरुवार नेहमी पुनवेच्या आसपास येतो. पुनव आली की खाडीला उधाण. भर दुपारी पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढायचं, आणि मिठागरातली माणसं डोळ्यांत तेल घालून बांधावर उभी असायची. कुठे खेकड्याचं बीळ गळायला लागलं की लगेच चिखलाचा गोळा दाबायचा. संध्याकाळी पाणी उतरलं की तशीच, गुडघ्यापर्यंत माखलेली, थेट देवळात यायची. गावातला सगळ्यात पहिला पाद्री त्यांतले पुढचे बारा जण बाकावर बसवायचा आणि म्हणायचा, वा, यंदा हाताला काम आहे.

हे सगळं छान चाललं होतं, म्हणजे बिघडणार हे तुम्ही ओळखलंच असेल.

पहिला पाद्री गेला, दुसरा आला, पाचवा आला. पाय धुऊन घेणं हा हळूहळू मान झाला. मान म्हटला की मानकरी आले, आणि मानकरी आले की खुर्च्या आल्या. बाकाच्या जागी बारा खुर्च्या मांडल्या गेल्या, त्यांवर मखमली गाद्या आल्या. मग कोणीतरी म्हणालं, मखमलीवर चिखल उडतो. झालं, त्यासाठी एक मंडळ नेमलं गेलं. त्याचं नाव पायमंडळ. हसू नका, त्यांच्यासमोर कोणाची हसायची छाती नव्हती.

पायमंडळाचा प्रमुख होता बस्त्याव. चांगला सहा फुटी, आवाज घंटेएवढा, आणि उभ्या जन्मात त्यानं खाडीच्या पाण्यात अंगठा बुडवलेला नव्हता. त्यानं पाय तपासायची रीत बसवली. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासाचे चाळीस दिवस सुरू होतात त्या दिवशी, इच्छुकांनी रांग लावायची. मंडळाचा माणूस पांढरं रेशमी फडकं प्रत्येकाच्या टाचेवरून फिरवणार. भेगेत धागा अडकला, तर नापास. फडक्यावर डाग आला, तरी नापास. जे पास होतील त्यांनी गुरुवारपर्यंत मातीला पाय लावायचा नाही. थोडक्यात, पाय धुऊन घ्यायचे असतील तर ते आधी धुतलेले हवेत.

त्या वेळचे पाद्रीबाबा तसे भले माणूस. पण कमरेनं अधू आणि मंडळापुढे त्याहून अधू. वाकायला त्रास होतो म्हणून मंडळानं त्यांना लांब दांड्याचा चांदीचा चमचा करून दिला होता. प्रत्येक पायावर गुलाबपाण्याचे तीन थेंब टाकायचे, की झालं. गेल्या कित्येक वर्षांत पाद्रीबाबांनी कोणाच्या पायाला बोटही लावलं नव्हतं. परातीतलं पाणी विधीनंतर इतकं स्वच्छ असायचं, की एकदा चुकून कोणीतरी त्याचं सरबत केलं आणि सगळ्यांनी तारीफ करत प्यायलं.

या गावात इनास नावाचा एक म्हातारा होता. चाळीस वर्षं मिठागरात राबलेला. मिठाच्या पाण्यात उभं राहून राहून त्याच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या, की त्यांत करंगळी मावावी. त्याला फार वाचता येत नव्हतं, प्रार्थनाही दोनच पाठ होत्या, त्यांतली एक अर्धीच. पण प्रभूनं कोळ्यांचे पाय धुतले, ही गोष्ट ऐकली की त्याचे डोळे दर वर्षी भरून यायचे. प्रभूच्या नावानं कोणीतरी आपलेही पाय एकदा धुवावेत, एवढी एकच इच्छा त्याला होती. दुसरं काही त्यानं देवाकडे मागितल्याचं कोणाला आठवत नाही.

एकोणतीस वर्षं तो बुधवारच्या रांगेत उभा राहिला आणि एकोणतीस वर्षं नापास झाला. त्यानं टाचा नारळाच्या काथ्यानं घासून पाहिल्या. मेण चोळून पाहिलं. एका वर्षी त्याच्या बायकोनं, रेमेदबायनं, भेगांत तांदळाची खळ भरून दिली. ती रांगेत उभ्या उभ्या वाळली आणि बस्त्यावच्या डोळ्यांदेखत तडकून गळाली. कोंबड्या टिपायला आल्या, आणि बिचाऱ्याची जी शोभा झाली ती सांगवत नाही.

रेमेदबाय तोंडानं फटकळ, पण नवऱ्यावर जीव टाकणारी. ती म्हणायची, मी धुते ना तुमचे पाय रोज, काय बिघडलं? इनास म्हणायचा, तू धुतेस ते घर चिखलानं भरू नये म्हणून. आणि ते खरंच होतं.

मग एका नाताळात इनासला ताप भरला. साधा नव्हे, चांगला दोन महिने त्यानं अंथरूण सोडलं नाही. वैद्यानं नाडी पाहिली आणि रेमेदबायला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढचा नाताळ काही धरून चालू नका. इनासनं ते ऐकलं. ताप उतरल्यावर त्यानं पांघरूण बाजूला केलं, आपल्या पायांकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. दोन महिने चिखल नाही, मीठ नाही. भेगा बुजल्या होत्या. टाचा भाकरीच्या पिठासारख्या मऊ झाल्या होत्या.

राखेच्या बुधवारी तो काठी टेकत रांगेत गेला. रेशमी फडकं टाचेवरून फिरलं आणि सरळ निघून आलं. मंडळानं तीनदा फिरवलं. त्याच दिवशी दुमिंग नावाच्या जुन्या मानकऱ्याचं नख मांसात शिरून पिकलं होतं, त्यामुळे बारावी खुर्ची रिकामी होती. बस्त्यावनं नाक मुरडलं, पण नियम त्याचाच. इनास पास झाला. बस्त्यावनं त्याला बजावून सांगितलं, की गुरुवारपर्यंत चिखलाचा एक ठिपका जरी दिसला, तर खुर्ची गेली.

पुढचे चाळीस दिवस कसे गेले ते रेमेदबायला विचारा. इनास खाटेवर बसून राहिला. लसूण सोलायचा, टोपल्या दुरुस्त करायचा आणि न मागता सल्ले द्यायचा. रेमेदबाय त्याच्या वाट्याचं मीठ ओढायची, घरी येऊन भाकऱ्या थापायची आणि त्याचे पाय पुसायची. खाटेवरून उतरू लागला की ओरडायची. शेजारणींना सांगायची, की माझ्या घरी नवरा नाही, दोन पाय आहेत आणि त्यांना एक म्हातारा चिकटलाय. पण रात्री झोपताना ती मनात देवाला म्हणायची, एवढं त्याचं होऊ दे. मग ने त्याला, मी भांडणार नाही. थोडी भांडेन.

इकडे पायमंडळानं आणखी एक सुधारणा केली. विधी संध्याकाळी असला की डास चावतात, आणि मानकऱ्यानं भर देवळात पाय खाजवणं बरं दिसत नाही. म्हणून यंदापासून विधी भर दुपारी. आणि गावातलं एकूण एक माणूस हजर पाहिजे; जो गैरहजर राहील त्याचं नाव रविवारी सगळ्यांसमोर वाचलं जाईल.

मिठागरातली चार माणसं बस्त्यावकडे गेली. म्हणाली, दुपारी उधाण असतं, बांधावर कोण राहणार? बस्त्यावनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं आणि विचारलं, ज्यानं समुद्र केला त्याला तुमचा बांध सांभाळता येत नाही का? तुमची श्रद्धा एवढीच का? आता आपली श्रद्धा कमी आहे असं कोण कबूल करणार? चौघं मान खाली घालून परत आली. आणि गंमत म्हणजे, पाद्रीबाबांना हे सगळं चूक वाटत होतं. पण ते काही बोलले नाहीत. मंडळासमोर त्यांची कंबर नेहमी दुखायची.

गुरुवार उजाडला. इनासच्या पायाला माती लागू नये म्हणून दोन शेजाऱ्यांनी त्याला फळीवर बसवून खांद्यावरून देवळात नेलं. वाटेत एका आजीनं, इनास गेला असं समजून, क्रुसाची खूण केली. इनासनं तिला हात केला तेव्हा ती मटकन खालीच बसली.

देऊळ खच्चून भरलं होतं. बारा खुर्च्या, बारा गाद्या, चोवीस गुळगुळीत पाय. इनास शेवटच्या खुर्चीत, बाजूच्या दाराशी. पाद्रीबाबा परात आणि चांदीचा चमचा घेऊन निघाले. पहिला मानकरी बस्त्याव. तीन थेंब, तीन थेंब. दुसरा. तिसरा. इनास श्वास रोखून मोजत होता. सातवा झाला, आठवा झाला, नववा झाला.

तेवढ्यात बाजूच्या दारातून एक खेकडा आत आला.

लहानसाच होता. पण त्याचे सगळे पाय चिखलानं माखलेले, आणि त्यांतल्या एकाही पायाची तपासणी झालेली नव्हती. तो तिरका तिरका चालत मानकऱ्यांच्या रांगेकडे निघाला. त्याच्या मागून दुसरा आला. मग पाच-सहा. बस्त्यावनं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. ते पाहून बाकीच्यांनीही घेतले. मंडळी खेकड्यांना शुक शुक करू लागली, एकानं चक्क त्यांना बाहेर जाण्याची विनंती केली.

इनासला मात्र घाम फुटला. भर दुपारी खेकडे बांधातली बिळं सोडून गावात येतात, ते एकाच वेळी. बिळांत खालून पाणी घुसलं की. म्हणजे उघाडीजवळचा बांध गळायला लागला होता. घटकाभरात भगदाड पडणार, आणि मग वर्षभराच्या मिठाच्या राशी, खालच्या आळीतली घरं, गोड्या पाण्याची विहीर, सगळं खाडीत.

तो उठायला लागला. बस्त्यावनं खुर्चीवरूनच दटावलं, की खाली बस. बाहेर पाय पडला तर खुर्ची गेली. पाद्रीबाबा दहाव्याकडे पोचले होते. आणखी दोघं, आणि मग इनास. एवढा वेळ थांबलं तर काय होतंय, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. तो संत नव्हता, एकोणतीस वर्षं वाट पाहिलेला माणूस होता. त्यानं परातीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत परातीकडे पाहिलं.

बायकांच्या बाकांवरून रेमेदबाय उठली. खेकडे तिनंही पाहिले होते. ती सरळ त्याच्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही बसा. तुमचे पाय होऊ देत. मी जाते उघाडीवर.”

इनासनं तिच्याकडे पाहिलं. चाळीस दिवस त्याच्या वाट्याचं काम करून तिचे हात फुटले होते.

“तुला एकटीला फळी दाबता यायची नाही,” तो म्हणाला. आणि त्यानं पाय खाली टाकले.

नवरा-बायको बाजूच्या दारानं बाहेर पडली. म्हातारा काठी विसरून धावत होता. मग मिठागरातली ती चार माणसं उठली. मग त्यांच्या घरची माणसं उठली. मग रविवारी नाव वाचलं जाईल याचं भय कोणालाच उरलं नाही, आणि सगळं गाव दारातून बाहेर ओतलं गेलं. देवळात राहिले अकरा मानकरी खुर्च्यांवर पाय घेऊन, त्यांच्याभोवती खेकडे, आणि मधोमध पाद्रीबाबा. त्यांच्या हातात चमचा, आणि समोर बारावी रिकामी खुर्ची.

पाद्रीबाबांनी चमचा परातीत टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मंडळाकडे न बघता चालू लागले, आणि दाराशी पोचेपर्यंत धावू लागले.

बांधावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. उघाडीशेजारी घागरीएवढं भोक पडलं होतं आणि ते मोठं होत होतं. इनास छातीएवढ्या पाण्यात उतरला, फळीला पाठ लावून उभा राहिला आणि कुठे काय टाकायचं ते ओरडून सांगू लागला. चाळीस दिवस न मागता दिलेले सल्ले आता सगळे ऐकत होते. माणसांची साखळी झाली, चिखलाचे गोळे हातोहात आले. पण धार जोराची. गोळा टाकला की विरघळे. पाद्रीबाबांनी अंगावरचा जरीचा झगा काढला, त्यात चिखल भरला आणि भोकात कोंबला. तो टिकला. मग ते म्हणाले, गाद्या आणा.

गाद्या आणायला रेमेदबाय गेली. तिनं एकेका मानकऱ्याला उठवून त्याच्याखालची गादी ओढून काढली. कशी, ते विचारू नका, पण बस्त्यावचा घंटेसारखा आवाज त्या दिवशी जरा वेगळाच निघाला. बाराही गाद्या चिखलानं भरून भगदाडात बसल्या. मखमल चांगल्या प्रतीची होती, हे कबूल करायला हवं. पाणी थांबलं. मग उधाण ओसरलं, आणि राशी राशींच्या जागी राहिल्या.

सगळं गाव बांधावर फतकल मारून बसलं. कोण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. इनासला चौघांनी वर काढलं. तो थरथरत होता. त्याचे पाय कमरेपर्यंत चिखलानं माखले होते आणि शिंपल्यांनी दोन्ही टाचा कापल्या होत्या. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं आणि हसला. रेमेदबायला मात्र रडू कोसळलं. ती म्हणाली, एवढं जपले होते हो.

पाद्रीबाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि जवळचं पाण्याचं मडकं उचललं. ते वाकले. कंबर कडकडली, सगळ्यांनी ऐकलं. ते इनासपुढे चिखलात गुडघे टेकून बसले.

“इनास, पाय दे.”

“पिण्याचं पाणी आहे ते,” रेमेदबाय डोळे पुसत म्हणाली. मग तिला कळलं, आणि तिनंच मडकं तिरकं धरलं.

पाद्रीबाबांनी दोन्ही हातांनी पाय धुतले. घाई केली नाही. बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढला, जखमांतली वाळू काढली, रक्त पुसलं. पुसायला पंचा नव्हता म्हणून सदऱ्याचं टोक घेतलं. इनासला गुदगुल्या होत होत्या आणि तो रडतही होता, त्यामुळे त्याच्या तोंडून जो आवाज निघत होता त्याला नाव नाही. पाय झाले तसं पाद्रीबाबा म्हणाले, “माफ कर. एकोणतीस वर्षं चुकीच्या रांगेत तू नव्हतास. मी होतो.”

मग त्यांनी शेजारच्याचा पाय ओढला. मग त्याच्या शेजारचीचा. बारावर थांबायचं असतं हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी उशिरा बस्त्याव आला, मऊ पायांना दगड टोचत होते म्हणून कण्हत कण्हत. कोणी त्याला हसलं नाही. म्हणजे फारसं नाही. त्याचेही पाय धुतले गेले, आणि पाद्रीबाबांचे त्यानं धुतले. त्याला जमत नव्हतं, सगळं पाणी त्यानं स्वतःच्याच मांडीवर ओतून घेतलं.

पायमंडळ त्याच आठवड्यात मोडलं. कोणी मोडलं नाही, त्याच्या बैठकीला यायचं सगळे विसरले.

वैद्याचं म्हणणं मात्र खरं ठरलं. राशी उचलल्या गेल्या, पहिले ढग दिसले, आणि एका पहाटे इनास झोपेतच गेला. रीतीप्रमाणे बायका त्याला आंघोळ घालायला आल्या. एकीनं पाण्याचा तांब्या पायांवर धरला, तशी रेमेदबायनं तिचा हात धरला.

“अंग धुवा,” ती म्हणाली. “पाय राहू द्या. ते झालेत.”

म्हणून लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो धर्म मळलेल्या पायांना दाराबाहेर ठेवतो, तो आपल्या प्रभूलाही दाराबाहेर ठेवतो.